तिथी बघा, खुर्ची घ्या: आजीला समुद्रावर नेताना

आमच्या सासूबाई 44 वर्षं ठाण्यात राहिल्या, आणि समुद्राच्या पाण्यात त्यांनी पहिल्यांदा पाय ठेवला तो वयाच्या 73 व्या वर्षी. त्याआधी त्या समुद्रावर गेल्याच नव्हत्या असं नाही. चौपाटीला गेल्या, जुहूला गेल्या, एकदा गणपतीपुळ्यालाही जाऊन आल्या. पण दर वेळी काम एकच. सगळे पाण्यात, आणि आई कठड्यावर बसून चपला, पिशव्या, मोबाइल सांभाळणार. कुटुंबाच्या सहलीत आजीला ही नोकरी कधी लागते आणि कोण लावतं, ते कुणालाच आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना हौसेनं अलिबागच्या बाजूला नेलं होतं. ती सहल पार फसली. फोनवर "तळमजला आहे" म्हणून सांगितलेल्या खोलीला जोत्याच्या नऊ पायऱ्या निघाल्या. दुपारी किनाऱ्यावर गेलो तर पाणी कुठच्या कुठे आत गेलेलं. आई दोन दिवस ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या आणि वर आम्हालाच समजावत होत्या, "माझं काय, मला हिथंच बरं वाटतंय." यंदा जानेवारीत पुन्हा गेलो, नागावला. या वेळी तयारी करून गेलो. ती तयारी काय होती ते सविस्तर लिहितेय. नवी मुंबई-ठाण्याहून जाणाऱ्यांना बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

आधी नीट विचारा

"आई, तुम्हाला जमेल का?" असं विचारलंत तर "नको बाई, तुम्ही जाऊन या" हेच उत्तर येणार. त्या पिढीला आपल्यामुळे कुणाची अडचण झालेली चालत नाही. म्हणून "तिथं गेल्यावर काय काय करून बघायचंय?" असं विचारा, आणि तेही सगळे जेवायला बसलेले असताना नको. दुपारी चहाच्या वेळी, एकटीला गाठून विचारा. आमच्या आई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "पाण्यात बसायचंय. उभं न्हाय, बसायचं." दुसरी इच्छा बोटीत बसायची. तिसरी नातीनं मागाहून काढून घेतली: त्यांना घोडागाडीत बसायचं होतं.

या तीन गोष्टी कागदावर लिहिल्या आणि सहलीची आखणी त्यांच्याभोवती केली. बाकीच्यांची पॅरासेलिंग वगैरे हौस उरलेल्या वेळात. नेहमी याच्या उलट होतं.

महिनाभर आधी तालीम

गुडघे दुखणाऱ्या माणसाला थेट वाळूवर उभं करू नका. वाशीचा मिनी सी-शोअर, सीवूड्सजवळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, ठाण्यात असाल तर तलावपाळी किंवा उपवन, जे जवळ असेल तिथं रोज संध्याकाळी 20 मिनिटं चालायला न्या. चालायचा वेग त्यांचा असू द्या. सहलीला जी चप्पल घालायची तीच घालून चालू द्या, म्हणजे कुठे चावते ते घरीच कळेल. मागे पट्टा असलेली, चिकटपट्टीची सँडल घ्या. साधी रबरी स्लिपर ओल्या वाळूत रुतून बसते, पाय तेवढा पुढे येतो आणि माणूस तोंडावर जातो.

त्यानंतर एक अर्ध्या दिवसाची रंगीत तालीम. नेरूळ किंवा बेलापूरहून लोकलनं थेट उरण गाठता येतं. जानेवारी 2024 मध्ये हा मार्ग उरणपर्यंत सुरू झाला. उरण स्टेशनहून रिक्षानं पीरवाडीचा किनारा. तासभर थांबा आणि परत या. तेवढ्यात सगळं समजतं: वाळूवर किती पावलं चालवतं, दर किती वेळानं बाथरूमला जावं लागतं, वाऱ्यानं कान दुखतात का. आईंच्या बाबतीत एक भलतीच गोष्ट कळली. कोरड्या वाळूत काठीचा काडीचा उपयोग नाही, ती रुततच जाते. माणसाचा हातच लागतो. तोही त्यांचा दंड आपण पकडून नाही, तर आपला कोपर त्यांनी पकडून. आपण धरलं की त्यांचा तोल आपल्या ओढीवर जातो. त्यांनी धरलं की सोडायचं कधी, घट्ट करायचं कधी, हे त्यांच्या हातात राहतं.

डॉक्टरांकडे एक फेरी

नेहमीच्या डॉक्टरांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. बीपीसाठी लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घ्यायची? (आपल्या मनानं बंद करायची नाही. "वाटेत सारखं उतरावं लागेल" म्हणून गोळीच न घेणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत.) शुगर असेल तर जेवण उशिरा झाल्यास काय करायचं? शहाळं चालेल का? हा तिसरा प्रश्न फालतू वाटतो, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकतं. कोकणात तर पावलोपावली शहाळं पुढे येतं. चौथा प्रश्न पावलांबद्दल, तो पुढे येतोच.

गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक संच पर्समध्ये आणि एक बॅगेत. इन्सुलिन गाडीच्या डिकीत अजिबात नको, उन्हात डिकी भट्टीसारखी तापते. चिठ्ठीचा फोटो दोघा-तिघांच्या फोनमध्ये असू द्या. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि रुग्णवाहिकेचा नंबर 108, एवढं माहीत असलं की पुरे.

तारीख तिथीवरून ठरवा

पहिल्या सहलीचा घोळ इथंच झाला होता. आम्ही सुट्टीचा वार बघितला, समुद्राचं वेळापत्रक बघितलंच नाही.

भरती-ओहोटीचा हिशोब आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला असतो. कॅलेंडरमधली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता आपल्या भागात पूर्ण भरती असते, सकाळची किंवा दुपारची, आणि सुमारे 12 तास 25 मिनिटांनी पुन्हा. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. मी हे फोनवर गुणत बसले होते, तर आई शाळेतली पाऊणकी म्हणून माझ्या आधी उत्तर देत होत्या. पुढचं सगळं वेळापत्रक मग त्यांनीच केलं.

हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी फोनवर भरतीचं अचूक वेळापत्रक बघा, किंवा जिथं उतरणार त्यांना विचारा. किनाऱ्यावरच्या माणसाला ते तोंडपाठ असतं.

आता तिथी कोणती निवडायची? आजीला चालवत असेल आणि संध्याकाळी पाण्यात बसायचं असेल, तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा ते तृतीया उत्तम. भरती दुपारी एक ते सव्वादोनच्या सुमाराला होऊन जाते. साडेचार-पाचला ऊन उतरतं तेव्हा पाणी मागे सरकत असतं. नुकतीच उघडी पडलेली वाळू ओली आणि टणक असते, पाय रुतत नाहीत, आणि पाणी अंगावर चढत येण्याची भीती नाही. फार चालवतच नसेल, तर सप्तमी-अष्टमी बघा. सव्वापाच-सहाला भरती, म्हणजे पाणीच आपल्याकडे येतं. शिवाय त्या दिवसांत भांगाची भरती असते, उधाणासारखा जोर नसतो. मात्र भरती पूर्ण होईपर्यंत खुर्ची सारखी मागे घ्यावी लागते.

आम्ही वद्य तृतीया धरली. चतुर्थी नको होती, कारण संकष्टी. उपास असला की आई चंद्रोदयापर्यंत काही खात नाहीत आणि मग शुगरचा खेळ सुरू होतो. तेव्हा तिथी बघताना उपासही त्याच पानावर बघून घ्या.

ऋतूचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात वयस्कर माणसाला पाण्याजवळ नेऊच नका. नाताळ ते 1 जानेवारीचा आठवडा टाळा आणि जमलं तर सोमवार ते बुधवार जा. शाळा बुडते, बुडू द्या.

खोली: फोटो नको, व्हिडिओ मागवा

अलिबाग पट्ट्यात वरसोली, आक्षी, नागाव, किहीम असे पर्याय आहेत. पुढे गेलात तर काशीद, दिवेआगर, श्रीवर्धन. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला अडीच-तीन तासांच्या पलीकडे जाऊ नका. दिवेआगरचा किनारा लांबरुंद आणि शांत आहे, पण गाडीत इतका वेळ बसलेली कंबर दुसऱ्या दिवशी कुरकुर करते.

खोलीसाठी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर सांगा: "गाडी थांबते तिथून चालत निघा आणि संडासापर्यंत जाताना व्हिडिओ काढून पाठवा." त्यांना विचित्र वाटेल. पाठवतात पण. त्या एका मिनिटात पायऱ्या, उंबरठे, फरशी गुळगुळीत आहे की खरबरीत, कमोड आहे की नाही, सगळं दिसतं. बाथरूम खोलीपेक्षा खाली आहे का ते खास बघा; रात्री अंधारात पाय तिथंच फसतो. पलंग फार बुटका नको, बसल्यावर गुडघे कमरेच्या वर येत असतील तर उठताना हाल होतात. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, हाताच्या, आजीसाठी राखून ठेवायला सांगा. घरून रात्रीचा छोटा दिवा आणि बाथरूमसाठी रबरी चटई न्या.

जाताना

दोन रस्ते. गाडीनं पनवेल, पळस्पे, कर्नाळा, पेण करत वडखळला उजवीकडे अलिबागला. शनिवारी सकाळी वडखळला गाड्यांची जी रांग लागते तिच्यात आजीला अडकवू नका. उजाडायच्या आत निघा, पेणला चहा-नाश्ता आणि बाथरूम. दर तास-सव्वा तासाला उतरून पाच मिनिटं चालायला लावा; पाय लोंबकळत ठेवून सलग बसलं की पावलांना सूज येते.

दुसरा रस्ता समुद्रातून. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते, 2020 पासून. गाडी पोटात, माणसं वर, साधारण तासाभराचा प्रवास. नवी मुंबईहून अटल सेतूनं शिवडीला उतरलात की भाऊचा धक्का जवळच. लांबून जाऊन पुन्हा मागे आल्यासारखं वाटतं खरं, पण आईंना बोटीत बसायचं होतं, तेव्हा आम्ही जाताना बोट घेतली आणि येताना रस्ता. वर जायचा जिना गर्दी ओसरल्यावर चढा. डेकवर वारा जोरात असतो, कानाला स्कार्फ बांधा. हिवाळ्यात पांढऱ्या पाखरांचे थवे बोटीमागे येतात. आईंनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. अर्ध्या तासानं बघते तर एका हातानं धरलेला, आणि दुसऱ्या हातानं त्या पाखरं मोजत होत्या.

पाण्यात बसवताना

सगळा खटाटोप ज्यासाठी केला तो हा भाग, म्हणून जरा बारकाईनं.

कपडे: ओली पाचवारी पायात गुंडाळते आणि जड होते, पडायला तेवढं कारण पुरतं. पंजाबी ड्रेस घालत असतील तर प्रश्नच नाही. आमच्या आई घालत नाहीत. त्यांनी ट्रंकेतलं जुनं सुती नऊवारी काढलं आणि कासोटा मारला. कोळणी उगाच नऊवारी नेसत नाहीत, पोटऱ्या मोकळ्या राहतात आणि काही अडकत नाही.

पाय: शुगर असलेल्यांनी पाण्यातसुद्धा सँडल काढायची नाही. तळव्याची संवेदना कमी झालेली असते. शिंपल्यानं कापलं किंवा तापलेल्या वाळूनं पोळलं तरी कळत नाही. (डॉक्टरांना विचारायचा चौथा प्रश्न हाच: पावलांना मुंग्या किंवा बधिरपणा कितपत आहे?)

खुर्ची: प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वाळूत घुसतात, आणि चारही सारखे घुसत नाहीत. आम्ही खाली जुना प्लायचा तुकडा टाकला होता, दोन-अडीच फुटांचा. खुर्ची लाटांना तोंड करून. आडवी ठेवली तर लाट बाजूनं धक्का देते. पाणी घोट्यापर्यंतच, मोठी लाट आली तर पोटरीपर्यंत. त्याहून आत नाही, कारण उतरतं पाणी आत ओढतं. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना एकेक धडधाकट माणूस, आणि दोघांच्याही हातात मोबाइल नाही. फोटो तिसऱ्यानं काढायचे.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरगुंडी उडते. लाट परत जाताना पावलांखालची वाळू ओढून नेते. टाचा खाली खचतात आणि आपणच मागे घसरतोय असा भास होतो. खाली पाण्याकडे बघत राहिलं तर चक्कर येते. तेव्हा लांब, आभाळ टेकतं तिथं बघायला सांगा. आई पहिल्या लाटेला माझा हात चेचून म्हणाल्या, "अगं, वाळू पळतीया पायाखालनं!" दुसऱ्या लाटेला हात ढिला. पाचव्या-सहाव्या लाटेला त्यांनी नातीला बोलावून पायांवर वाळू ओतायला लावली. मला म्हणाल्या, "तू जा की तिकडं, हिथं काय माझ्या उशाला बसलीयास." मी गेले नाही. दोन पावलं मागे सरकून उभी राहिले, एवढंच.

पहिल्या दिवशी 20 मिनिटं पुरेत. थंड वाऱ्यात ओलं बसलं की सांधे आखडतात. बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पायमोजे घाला आणि कोमट काहीतरी प्यायला द्या. सूर्य बुडायच्या आत किनारा सोडा. अंधारात वाळूतले खड्डे दिसत नाहीत.

बाकीची नवलाई

तृतीयेला सकाळी आठच्या सुमाराला पुन्हा ओहोटी असते, म्हणजे अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जायची वेळ. ओहोटीत घोडागाडी वाळूवरून किल्ल्याच्या दारापर्यंत नेते, आईंची तिसरी इच्छा तिथंच पुरी झाली. परत कधी निघायचं ते गाडीवाल्याकडून पक्कं करून घ्या आणि त्यात हयगय करू नका. भरतीत किल्ला पाण्यानं वेढला जातो. आत दगडी चढ ओबडधोबड आहे. जमलं तर गणपतीच्या देवळापर्यंत आणि गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंत जा. भोवती खारं पाणी असताना आत गोडं कसं, यावर आई आणि घोडागाडीवाले काका यांची अर्धा तास चर्चा झाली.

हिवाळ्यात गेलात तर खोलीच्या मालकांना पोपटीचं आधी सांगून ठेवा. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, भांबुर्ड्याच्या पाल्यात कोंबून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. शाकाहारी मडकं वेगळं लावायला सांगा. शेकोटीभोवती खुर्ची टाकून बसायचं आणि गरम शेंगा सोलून खायच्या, गुडघ्यांना कसलाच त्रास नाही. मागच्या खेपेला त्याच शेंगा आईंनी दोन दिवस सोलल्या होत्या, या वेळी आम्ही सोलून त्यांना दिल्या. साडेआठ-नऊला सुपारीच्या झाडांमागून चंद्र वर आला. आक्षीत मराठीतल्या सर्वात जुन्या शिलालेखांपैकी एक, शके 934 चा, आहे. वाटेवरच असल्यानं आजोबांना अशा गोष्टींची आवड असेल तर थांबा.

नाही म्हणायचं ते ठामपणे म्हणा: बनाना बोट, जेट-स्की, वाळूवरची चारचाकी बाइक. उतारवयात हाडं ठिसूळ झालेली असतात, एका आदळण्यानं मणका दबू शकतो. किनाऱ्यावरचा पोरगा "आजी, काय होत नाय, बसा" म्हणत मागे लागतो. त्याचं ऐकू नका, आजीला मोह झाला तरी ऐकू नका. आमच्या आईंना झाला होता.

जेवणाचं फार लिहीत नाही. वेळ सांभाळा, तिखट कमी सांगा, रात्री हलकं. सोलकढी एक वाटी, तीन नाही.

आणि चपलांचं काय? एक दोरी न्या, सुरूच्या झाडाला बांधा, पिशव्या तिला अडकवा. नाहीतर पाळी लावा. आमच्याकडे पहिली पाळी माझ्या नवऱ्याची होती.

घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका, पाहुणेही नकोत. संध्याकाळी चांगल्या उजेडात दोन्ही तळवे, टाचा, बोटांमधली जागा बघा. लहानसं कापलेलं किंवा फोड दिसला तर शुगरवाल्यांच्या बाबतीत घरगुती लेप लावत न बसता डॉक्टरांना दाखवा. नऊवारी आधी दोनदा साध्या पाण्यातून काढा, मग साबण. मीठ राहिलं तर सुतीसुद्धा कडक होतं. सँडलच्या चिकटपट्टीतली वाळू जुन्या टूथब्रशनं काढा, नाहीतर पुढच्या वेळी ती चिकटणार नाही. काठीच्या टोकाचा रबरी बूट काढून बघा. आमच्या काठीच्या बुटात चमचाभर वाळू निघाली आणि खालचा रबर झिजून पार गुळगुळीत झाला होता, म्हणजे बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरायला तयार. मेडिकलच्या दुकानात नवा मिळतो. जाताना काठी बरोबर न्या, मापं वेगवेगळी असतात.